डिझेल नावाचा माणूस

छात्रमित्रांनो, एमटी शेडच्या मागे उभी असलेली माझी जुनी जीप तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. कॅम्पला जाताना पाण्याचा दोनचाकी ट्रेलर तीच ओढते. तिच्या टाकीच्या झाकणावर मी लाल रंगाने 'फक्त डिझेल' असे लिहून ठेवले आहे, कारण ही जीप जन्माने पेट्रोलची आहे आणि पंपावरची मुले हमखास चुकतात. मागच्या सत्रात सातवीच्या एका कॅडेटने मला विचारले, की साहेब, डिझेल म्हणजे नेमके काय? मी इंधन असे उत्तर देऊन मोकळा झालो. रात्री मात्र मला चुटपुट लागली. ईएमईमध्ये मी आयुष्यभर डिझेल इंजिने खोलली आणि बसवली, आणि तरीही डिझेल हे आधी एका माणसाचे आडनाव होते हे त्या मुलाला सांगायचे राहून गेले. ते आज सांगतो.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन होते. वडील पुस्तकबांधणी शिकलेले, पुढे ते चामड्याच्या वस्तू बनवत. घरची परिस्थिती बेताची. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की तो पॅरिसच्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे आणि तिथल्या यंत्रांची चित्रे काढी. त्या संग्रहालयात क्यूनो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने अठराव्या शतकात बनवलेली वाफेची तीनचाकी गाडी ठेवलेली होती. ती गाडी तोफा ओढण्यासाठी बनवलेली होती, म्हणजे आमच्या भाषेत टोइंग व्हेइकल. आजही ती पॅरिसमध्ये आहे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले, पण तिथे सगळ्यांचे पोट भरेना. मग बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्ग येथे नातलगांकडे पाठवण्यात आले. ते गृहस्थ गणित शिकवत. तुमच्यापैकी बरेच जण जवळपास याच वयात ट्रंक घेऊन या शाळेच्या फाटकातून आत आला आहात, तेव्हा त्या मुलाला पहिली रात्र कशी गेली असेल हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याने तिथूनच आईवडिलांना कळवले, की मी इंजिनियर होणार.

ऑग्सबर्गच्या शाळेत त्याने काचेची एक नळी पाहिली असे सांगतात. नळीत दट्ट्या जोरात दाबला की आतली हवा तापते आणि ठेवलेला कापूस पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही, फक्त दाबलेली हवा. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, ते याच कारणाने.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. बर्फ बनवण्याच्या यंत्रांसाठी लिंडे प्रसिद्ध आहेत. वाफेच्या इंजिनात कोळशाची जेमतेम सहा ते दहा टक्के उष्णता कामी येते आणि बाकीची वाया जाते, हे त्यांनी वर्गात शिकवले. ही नासाडी रुडॉल्फच्या डोक्यातून गेली नाही. परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला आणि परीक्षा लांबली. १८८० मध्ये ती दिली तेव्हा त्याने उत्तम गुण मिळवले. नंतर लिंडे यांच्याच पॅरिसच्या कारखान्यात नोकरी लागली. १८८३ मध्ये लग्न झाले, पुढे तीन मुले झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिनाचे प्रयोग, अशी अनेक वर्षे गेली. आधी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले, ते जमले नाही.

शेवटी कल्पना पक्की झाली. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की आपोआप प्रचंड तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचे. ठिणगीची गरजच उरत नाही. १८९२ मध्ये डिझेल यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइन्रिख बुत्स यांनी त्यांना जागा आणि माणसे दिली, क्रुप कंपनीने पैसा दिला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये स्फोट झाला आणि दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, की नुसत्या दाबाने इंधन पेटते. त्यांनी बिघाड वहीत टिपला, दुरुस्त्या केल्या आणि पुन्हा सुरुवात केली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर चालले. किती वेळ? सुमारे एक मिनिट. आणखी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्रोएटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, तेव्हा इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी आल्याचे निघाले. वाफेच्या इंजिनांना जे जमत नव्हते, त्याच्या दुप्पट-तिप्पट. ते इंजिन सुमारे तीन मीटर उंच, साडेचार टन वजनाचे आणि वीस घोडाशक्तीचे होते.

आता माझ्या जीपकडे येतो. तिच्यातले मूळ पेट्रोल इंजिन थकले तेव्हा मी ते उतरवले आणि मॅटाडोर गाडीचे डिझेल इंजिन बसवले. पुण्याजवळ आकुर्डीला मर्सिडीजच्या परवान्याने बनत असे, तेच हे. बंगळूरच्या शिवाजीनगरच्या गुजरीत इंजिन मिळाले, बाकीचे सामान जेसी रोडवर. चेन पुली लावून दोन माणसांनी ते अर्ध्या तासात चेसिसवर ठेवले. डिझेल यांच्या वीस घोड्यांना साडेचार टन लागले होते. माझ्या या इंजिनात पासष्ट घोडे आहेत आणि ते बॉनेटखाली मावते.

पालकांपैकी कोणाला असा बदल करायचा असेल तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. डिझेल टाकले की गाडीचा हत्ती होतो ही समजूत चुकीची आहे. कागदावर माझ्या जीपची ताकद वाढली नाही. फायदा झाला तो तेलाच्या खर्चात, तो जवळजवळ निम्म्यावर आला. शिवाय स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्यूटर नसल्यामुळे पाण्यातून जाताना गाडी फुरफुरत बंद पडत नाही. पण नवे इंजिन जड असते, म्हणून पुढचे पाटे बदलावे लागले. गिअरबॉक्सशी जुळवायला मधली प्लेट खरादावर करून घ्यावी लागली, आणि ती केसभर तिरकी असेल तर क्लच टिकत नाही. ट्रेलर ओढायचा म्हणून बूस्टरचे ब्रेक घातले. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी पुरेशी पोकळी तयार होत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागला. फेरे कमी असल्याने वरचा वेग घटला. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हे तर आधी करायचे काम, नंतरचे नव्हे. आवाज आणि थरथर यांची सवय करून घ्यावी लागते. जानेवारीच्या सकाळी बंगळूरची थंडी असते, तेव्हा हीटर प्लग तापेपर्यंत थांबावे लागते. पेट्रोलच्या सिलिंडरमध्ये हवा सात पट दाबली जात होती, इथे एकवीस पट. एवढे दाबूनही थंड लोखंड उष्णता खाऊन टाकते.

या सगळ्यात मी एक चूक केली. रेडिएटर जुनाच ठेवला. शहरात फिरताना काही कळले नाही. मग नंदी टेकडीजवळचा कॅम्प आला. मागे पाण्याने भरलेला ट्रेलर आणि समोर चढ. तापमानाचा काटा वर सरकू लागला. मला तो दिसत होता. मागे तीन कॅडेट बसले होते आणि त्यांच्यासमोर गाडी थांबवायची मला लाज वाटली. एवढा जुना मेकॅनिक, आणि चढावर बॉनेट उघडून उभा राहणार? शेवटी मागच्या एका मुलाने नम्रपणे सांगितले, की साहेब, काटा लाल रेषेवर आहे. मी गाडी बाजूला घेतली. आणखी अर्धा किलोमीटर गेलो असतो तर हेड गॅस्केट गेले असते. तास-दीड तास सावलीत बसलो, ट्रेलरमधलेच पाणी घातले, आणि परत आल्यावर पहिल्यांदा मोठा रेडिएटर बसवला.

डिझेल यांच्याकडे परत जातो. १८९७ नंतर त्यांच्याकडे पैशाचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतले हक्क अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. डिझेल म्युनिकमध्ये मोठ्या घरात राहू लागले. पण इंजिन अजून कच्चे होते. पहिल्यांदा विकलेले इंजिन केम्प्टन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात गेले आणि तिथे ते सतत बिघडू लागले. इतर ठिकाणांहूनही तक्रारी आल्या. पेटंटवरून भांडणे लागली. त्यांचे डोके असह्य दुखत असे. १८९८ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी रुग्णालयात राहावे लागले. पुढे जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडाला. यंत्रातला दोष त्यांना चटकन दिसे, पैशाच्या व्यवहारातला दिसत नसे.

इंजिन मात्र सुधारत गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. फ्रेंच पाणबुड्यांत डिझेल इंजिने बसली. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश मालवाहू जहाज डिझेलवर महासागर ओलांडून बँकॉकला गेले. डिझेल जगप्रसिद्ध झाले होते. त्यांचे घर कर्जात बुडाले आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. घरच्या माणसांनाही त्यांनी सगळे सांगितले नव्हते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. सोबत दोन स्नेही होते. रात्रीचे जेवण झाले, डेकवर गप्पा झाल्या, आणि सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. डेकच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या, आणि त्या वडिलांच्याच आहेत हे धाकट्या मुलाने, ऑयगेनने, ओळखले. वय पंचावन्न. काहींनी घातपाताची शंका घेतली, पण तसा पुरावा मिळाला नाही. कर्जाचा भार असह्य होऊन त्यांनी स्वतःच जीवन संपवले, असे बहुतेक चरित्रकार मानतात.

डिझेल यांनी आपले इंजिन रस्त्यावरच्या ट्रकमध्ये धावताना पाहिले नाही. त्यांच्या इंजिनाला इंधन आत फवारण्यासाठी हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि तो गाडीवर मावत नसे. १९२० नंतरच्या दशकात तो गेला, लहान पंप आले आणि ट्रक धावू लागले. ऑग्सबर्गचा तो कारखाना पुढे मान या कंपनीत आला. मानच्याच परवान्याने १९५९ पासून जबलपूरला आपल्या सैन्याचा शक्तिमान ट्रक बनू लागला. ज्या शक्तिमानखाली मी अंगावर ऑइल सांडत काम शिकलो, त्याचे मूळ त्या एक मिनिट चाललेल्या इंजिनापाशी आहे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यावर आजोबांनी मोट सोडून ऑइल इंजिन बसवले. त्या इंजिनाचा आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो, पण त्यामागचा माणूस मला कोणी सांगितला नव्हता.

मित्रांनो, डिझेल यांच्याकडून तुम्ही चिकाटी शिका. स्फोटानंतर पुन्हा वही उघडून बसणारा माणूस आहे हा. पण त्यांच्या शेवटाकडेही पाहा. दाब मोजण्याची उपकरणे ज्यांनी आयुष्यभर वापरली, त्यांनी स्वतःवरचा दाब कोणाला दाखवला नाही. तुमच्यापैकी कोणाचा काटा वर चढत असेल, अभ्यासाने असो, घरच्या काळजीने असो किंवा नुसत्या एकटेपणाने, तर हाउस मास्टरांना सांगा, मित्राला सांगा, घरी फोनवर बोला, मला सांगा. आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलाचा काटा लाल रेषेवर दिसला तर गप्प बसू नका. नंदीच्या चढावर त्या कॅडेटने तोंड उघडले म्हणून माझे इंजिन वाचले. तो आज आपल्या शाळेतून बाहेर पडला आहे. त्याचे आभार मानायचे तेव्हा माझ्याकडून राहिले, ते इथे मानतो.