चित्रकार धुरंधर : रोजचे पाहणे, रोजचे रेखाटणे

जूचंद्र म्हटले की बाहेरगावच्या माणसाला प्रथम रांगोळी आठवते. सणावारी भरणारी प्रदर्शने आपण सर्वांनीच पाहिली आहेत. रंगीत भुकटीतून वृद्धाच्या गालावरची सुरकुती किंवा पैठणीच्या पदराची झळाळी उमटते, तेव्हा लांबून आलेले पाहुणे वाकून, हे छायाचित्र तर नव्हे ना, याची खात्री करून घेतात. दिसते तसे हुबेहूब उतरविण्याची ही ओढ महाराष्ट्रात वाढविण्यात १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचा वाटा फार मोठा आहे. त्या शाळेतून निघून ज्यांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींपर्यंत पोहोचली, ते रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना झाली तेव्हा त्यांचेच नाव मनात आले. मी बी.कॉम. झालेला कापडवाला, कलासमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु धुरंधरांच्या चित्रांत कापड फार आहे आणि कापड मला थोडेफार कळते.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर संस्थानात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. बालपण व शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. चित्रकार आबालाल रहिमान हे त्याच नगरीचे. १८९० साली धुरंधर मुंबईस येऊन जे. जे. मध्ये दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स हे तेथे मुख्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे ते हेच गृहस्थ. प्रत्यक्ष समोर पाहून काढा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. धुरंधरांनी तो असा अंगी बाणवला की पुढे आयुष्यभर स्केचबुक त्यांच्या हातून सुटले नाही. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पाठोपाठ त्याच शाळेत शिक्षकाची नोकरीही लाभली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. कलावंत म्हणजे लहरी, संसारात न रमणारा, अशी आपली एक समजूत असते. आमच्या घरातही ती होती. माझ्या धाकट्या भावाचा हात चित्रात चांगला होता. चित्रे काढून पोट भरत नाही, असे ठरवून आम्ही त्याला गादीवर बसविले. ठरविणाऱ्यांत मीही होतो. धुरंधर मात्र ठरल्या वेळी शाळेत जाणारे, पगारावर घर चालविणारे, घेतलेले काम मुदतीत हातावेगळे करणारे गृहस्थ होते. पहिल्या पत्नीच्या अकाली निधनाचे दुःख त्यांनी तरुणपणीच सोसले. पुढे गंगूबाईंशी विवाह झाला. घरचे कार्य, देवदर्शनास निघालेल्या बायका, मंडपातली लगबग, बाजार, रस्ते हेच त्यांचे विषय झाले. प्रेरणेसाठी त्यांना दूर जावे लागले नाही. मुंबईचा रस्ता त्यांना पुरेसा होता.

त्या रस्त्याची चित्रे त्यांनी पोस्टकार्डांसाठीही काढली. पैशा-दोन पैशाच्या वस्तूसाठी कोणी एवढी मेहनत का घ्यावी, असे वाटावे इतकी ती नेमकी आहेत. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर लिहिलेल्या १९१२ च्या इंग्रजी पुस्तकास धुरंधरांची चित्रे आहेत. हाजी महंमद अल्लारखिया यांच्या ‘वीसमी सदी’ या गुजराती मासिकातही त्यांची चित्रे येत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी गुजराती मासिके आहेत, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा जरूर चाळावीत.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० च्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी काढलेली रंगीत चित्रे. भाटिया, खोजा, नागर, बोहरी, धनगर अशा नाना समाजांतील स्त्रिया त्यांत आहेत. चेहऱ्यांबद्दल जाणकार बोलतील. मी पाहतो तो पदर. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर आणि दक्षिणी पद्धतीने डावीकडून जाणारा पदर यांतला फरक तर कोणीही दाखवील. पण जरीकाठाचे वजन पदराला खाली कसे ओढते, धुवट सुती लुगडे कमरेपाशी कसे फुगते, रेशीम घडीवर कसे मोडते, हे ज्याने कापड जवळून पाहिले त्यालाच साधते. चाळीस वर्षे ताग्यांची हाताळणी केलेल्या माणसाने हे प्रशस्तिपत्र द्यावे, एवढा अधिकार मला असावा.

अर्थात मानाची कामेही त्यांनी केली. शिवचरित्रातील प्रसंग रंगविले. स्वतः चित्रकार असलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचे चाहते होते आणि औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आहेत. नव्या दिल्लीच्या सचिवालयात त्यांनी न्यायदानाच्या विषयावर भित्तिचित्रे केली. रावबहादूर हा किताब मिळाला. १९३० च्या सुमारास जे. जे. च्या संचालकपदी बसणारे ते पहिले भारतीय ठरले. मात्र ही नेमणूक हंगामी होती. १८९० पासून ज्या वास्तूत आयुष्य वेचले, तेथील पहिली खुर्ची कायमची मिळाली नाही. १९३१ साली ते निवृत्त झाले. १९४० मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. शीर्षकात वर्षांचा हिशेब मांडणारा हा चित्रकार म्हणूनच मला अधिक जवळचा वाटतो.

त्यांच्या उतारवयात चित्रकलेचे वारे बदलले. हुबेहूब काढणे जुनाट ठरू लागले आणि पुस्तके, पोस्टकार्डे यांसाठी काम करणाऱ्याकडे कारागीर म्हणून पाहिले जाऊ लागले. मला हा न्याय पटत नाही. गिऱ्हाइकाने मागितलेला माल देणारा प्रत्येक जण हलका माल देतो असे नाही. सुमारे पाच हजार चित्रे आणि पन्नास हजार रेखाटने त्यांच्या नावावर सांगितली जातात. आकडा थोडा कमीअधिक धरला, तरी रोजच्या रोज बसल्याशिवाय अशी शिल्लक पडत नाही, हे कोणाही व्यापाऱ्यास समजेल.

खारच्या ‘अंबासदन’ या घरी कन्या अंबिका हिला त्यांनी चित्रकलेचे धडे दिले. तीही जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाली. ज्या काळात मुलींनी शाळेचा उंबरठा ओलांडणेही अपूर्वाईचे होते, त्या काळात बापाने लेकीला सोबत घेऊन रंगांचे व्यवहार शिकवावेत, ही मला त्यांच्या सुवर्णपदकाहून मोठी गोष्ट वाटते. १ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले. त्यानंतर वडिलांचा चित्रसंग्रह अंबिकाबाईंनी जिवापाड जपला. त्या २००९ साली गेल्या.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. नायगावहून सकाळची लोकल धरून आम्ही उभयता आणि तो धाकटा भाऊ असे तिघे गेलो. मोठमोठ्या तैलचित्रांपुढे गर्दी होती. भाऊ मात्र काचेखालच्या लहान रेखाटनांपाशीच खिळून राहिला. एका नऊवारीतल्या स्त्रीच्या चित्राजवळ सौभाग्यवतींनी मला हाक मारली आणि ओचा कसा खोचला आहे ते दाखविले. त्यांच्या आजी अगदी तसाच खोचत असत. परतीच्या गाडीत भावाने माझ्याकडे पेन मागितले. खिशात दुकानाचे बिलबुक होते, तेही त्याने घेतले आणि खार स्टेशन येईपर्यंत समोरच्या बाकावर टोपली घेऊन बसलेल्या कोळीणबाईंचे चित्र त्याने बिलाच्या पाठीवर काढले.