पंडिता रमाबाई : श्रवण, व्याधी आणि लेखन

बारामतीहून दौंडमार्गे रेल्वेने पुण्याकडे जाताना केडगाव स्थानक लागते. इंदापूरहून महामार्गाने येणाऱ्यांनाही चौफुल्याजवळचे हे गाव परिचित असते. पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ या संस्थेचे हे ठिकाण. रमाबाईंच्या चरित्राचा अभ्यास करताना त्यांच्या बहिरेपणाकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः या व्याधीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. हे शिक्षण प्रामुख्याने मौखिक होते : ऐकावे, म्हणावे, स्मरणात ठेवावे. दुष्काळात आईवडील गेल्यावर रमाबाई भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. कानांनी मिळविलेल्या विद्येचाच तो गौरव होता.

पतिनिधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आणि हंटर आयोगापुढील साक्ष ही त्याच वर्षातील कार्ये. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असा आग्रह त्यांनी आयोगापुढे धरला. स्वतः डॉक्टर होण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. रुग्णाची छाती तपासताना सूक्ष्म ध्वनी ऐकू येणे वैद्याला आवश्यक असते.

येथे श्रवणाची प्रक्रिया थोडक्यात समजून घेऊ. ध्वनीने कानाचा पडदा कंप पावतो. हा कंप मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत अंतर्कर्णात पोहोचतो. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड. एका विकारात तिच्या तळाशी नवे हाड वाढते, ती जखडली जाते आणि कंप पुढे जाणे मंदावते. हा विकार बहुधा तारुण्यात सुरू होतो. बहिरेपणाची कारणे अनेक असल्याने रमाबाईंच्या व्याधीला हेच नाव देणे योग्य ठरणार नाही. मात्र जखडलेली रिकीब काढून तेथे कृत्रिम भाग बसविण्याची आधुनिक शस्त्रक्रिया १९५६ मध्ये अवतरली; त्या काळच्या रुग्णाला असा आधार नव्हता.

वैद्यकाचे दार मिटल्यावर रमाबाई अध्यापन व लेखनाकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. स्वतःला न मिळालेली पदवी दुसऱ्या मराठी स्त्रीला मिळताना त्यांनी पाहिली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि त्यांचे अमेरिकेविषयीचे मराठी प्रवासवृत्तही प्रसिद्ध झाले. पुढे केडगावी दुष्काळग्रस्त स्त्रिया व मुलींना त्यांनी आश्रय दिला. वाढत्या बहिरेपणातही हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

ऐकून विद्या मिळविलेल्या या विदुषीने श्रवण क्षीण झाल्यावर ती विद्या लिखित शब्दात उतरविली. म्हणून त्यांचे मराठी गद्य वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न : रमाबाईंच्या श्रवणदोषाचा त्यांच्या कार्यावर व लेखनावर झालेला परिणाम स्पष्ट करा.