अर्थ सांगणारा बंधू : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या दानांची जी गणना केली आहे, ती आपण सर्वांनी मिस्साच्या वेळी अनेकदा ऐकली आहे. ज्ञान, विद्या, विश्वास, रोग बरे करणे, चमत्कार, संदेश, आत्मे पारखणे, नाना भाषा बोलणे, अशी नावे घेत घेत प्रेषित अगदी शेवटी भाषांचा अर्थ सांगण्याच्या दानापाशी येऊन थांबतो. वाचन संपते, आणि ह्या शेवटल्या दानाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रोग बरे करणाऱ्याची कीर्ती दाही दिशांस पसरते. एकाचे बोल दुसऱ्यास समजावून देणाऱ्याचे नाव फारसे कोणी विचारीत नाही. तथापि त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने नियम घालून दिला आहे की, अर्थ सांगणारा हजर नसेल तर भाषा बोलणाऱ्याने मंडळीत मौन धरावे. ज्या दानाची गणना शेवटी केली, त्याच्यावाचून त्याच्या आधीचे दान मुके पडते.

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ह्या पुस्तिकेत काही लिहावे असे ठरले, तेव्हा मला ह्या उपेक्षित दानाची आणि ते ज्याच्या ठायी उतरले अशा आपल्याच भूमीतील एका पुरुषाची आठवण झाली. संत गोन्सालो गार्सियांची प्रतिमा आपण वेदीवर ठेवतो, त्यांचा सण पाळतो, मुलांस त्यांचे नाव देतो. परंतु ते जपानात नेमके कोणते काम करीत होते असे विचारले असता बहुतेक जण त्यांच्या मरणाचीच हकीकत सांगतात. मरण तर थोर खरेच. पण ते कोणत्या कामापायी आले, हे समजल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.

गोन्सालोचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. घरात आईची बोली, बाहेर कोटात बापाची भाषा, अशी दोन भाषांच्या उंबरठ्यावर त्याची वाढ झाली असली पाहिजे. येशूसंघीय पाद्र्यांनी वसईच्या कोटात शाळा चालविली होती, तीत तो शिकला. पुढे पंधरासोळा वर्षांचा असताना ह्याच पाद्र्यांच्या समागमे तो जपानात गेला.

त्या काळी जपानातील ख्रिस्तसभेस दुभाष्याची किती गरज होती, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा बंदरी उतरले, तेव्हा त्यांचा सारा भरवसा अंजिरो नामक जपानी गृहस्थावर होता. अंजिरोस १५४८ साली गोव्यात पेंतेकॉस्तच्या सणी बाप्तिस्मा मिळाला होता. माणूस प्रामाणिक, भक्तिमान. परंतु शास्त्राध्ययन बेताचे. परमेश्वराला जपानीत काय म्हणावे असा प्रश्न आला, तेव्हा त्याने दैनिची हा शब्द सुचविला. दैनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध. झेवियर मोठ्या तळमळीने दैनिचीची उपासना करा म्हणून सांगत राहिले, आणि तेथील एका पंथाचे भिक्षू आपल्याच मताचा कोणी परदेशी आचार्य आला असे समजून त्यांचे स्वागत करीत राहिले! ही चूक झेवियरांच्या ध्यानी दोन वर्षांनी आली. तत्काळ त्यांनी तो शब्द टाकला व देउस हा लॅटिन शब्दच चालू केला. झेवियरांस नाना भाषा बोलण्याचे दान अलौकिक रीतीने लाभले होते, अशी श्रद्धा लोकांत फार दिवस चालत आली आहे. त्यांची पत्रे पाहता मात्र भाषा न येण्याचे दुःख आणि ती शिकण्याचे कष्टच त्यांत दिसून येतात. मला स्वतःस हे कष्ट चमत्काराहून कमी वाटत नाहीत.

अशा भूमीत गोन्सालो पोरवयात आला आणि तेथील लोकांत मिसळून त्यांची भाषा बोलू लागला. जपानी भाषा अशी की, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण ह्यावर क्रियापद बदलते. लहानास एक, थोरास दुसरे. ती नुसत्या पोथ्या वाचून येत नाही. गोन्सालोने धर्मशिक्षकाचे काम सुमारे आठ वर्षे केले. पाद्र्यांच्या बरोबर गावोगाव हिंडून श्रद्धेची तत्त्वे तो लोकांस समजावून देई. त्याच्या मनात एकच इच्छा होती, ती म्हणजे येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पुरी झाली नाही.

येथे थोडे थांबावेसे वाटते. ज्यांची सेवा केली त्यांच्याच घरात जागा मिळाली नाही म्हणजे माणसाच्या मनाला काय होते, हे धर्मग्रामात वर्षानुवर्षे राबणाऱ्या पुष्कळांस ठाऊक आहे. गोन्सालो जपान सोडून गेला आणि व्यापारात पडला. पूर्वेकडील बंदरांतून त्याचा धंदा चांगला चालला. ज्या भाषेने तो धर्मज्ञान सांगत असे, त्याच भाषेने तो आता सौदे करू लागला. ह्यात पाप काही नव्हते. तरीही पवित्र आत्म्याच्या दानाविषयीचा एक जुना सिद्धान्त येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. धर्मशास्त्री कृपेचे दोन प्रकार मानतात. एका कृपेने माणूस स्वतः देवाला प्रिय होतो. दुसरी दुसऱ्यांच्या कल्याणासाठी त्याच्या हाती सोपविलेली असते. दुसरी असली म्हणजे पहिली असतेच असे नाही. येशूच्या मरणाचा घाट घालणाऱ्या कैफाच्या तोंडूनही संदेश निघाला, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. गोन्सालोजवळ जीभ होती, ओळखी होत्या, पैसा होता. हे सर्व कोणासाठी, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर बाकी होते.

ते उत्तर मनिला येथे मिळाले. फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री तेथे १५७८ पासून काम करीत होते. पोर्तुगाल व स्पेन ही दोन्ही राज्ये १५८० पासून एकाच राजाच्या छत्राखाली आली असल्यामुळे वसईकर माणूस मनिलात अगदीच परका नव्हता. त्या अकिंचन संन्याशांची राहणी पाहून गोन्सालोने धंदा आवरला आणि १५८८ च्या सुमारास तो त्यांच्या संघात शिरला. पाद्री म्हणून नव्हे, तर बंधू म्हणून. गुरुदीक्षा त्याने कधीच घेतली नाही. हात व जीभ सेवेस लावणे एवढाच त्याचा अधिकार.

आता ह्या बंधूंची खरी गरज लागली. जपानचा सर्वसत्ताधीश तायको हिदेयोशी ह्याने फिलिपिन्सच्या गव्हर्नराकडे शरण येण्याची मागणी केली होती. मध्यस्थी करणाऱ्या व्यापाऱ्यांनी फिलिपिन्स शरण येणार असा त्याचा समज करून दिला होता, असे इतिहासकार मानतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी जाताना असे बदलले की दोन राज्ये युद्धाच्या काठावर येऊन उभी राहतात. गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास ह्याने १५९३ साली फादर पेद्रो बाउतिस्ता ह्यांस वकील म्हणून पाठविले. त्यांच्या बरोबर तिघे फ्रान्सिस्कन होते. त्यांतील दुभाषी ब्रदर गोन्सालो.

हिदेयोशी त्या वेळी हिझेन प्रांतातील नागोया येथे छावणी देऊन कोरियावरील मोहीम चालवीत होता. त्याच्या एका शब्दासरशी मस्तके उडत. अशा दरबारात जाडेभरडे वस्त्र अंगावर, कमरेस दोरी, अशा वेषात उभे राहून वकिलाचे म्हणणे जसेच्या तसे सांगावयाचे होते: मैत्री हवी, मांडलिकत्व नको, राजाचे उत्तर येईपर्यंत आम्ही ओलीस म्हणून येथे राहण्यास तयार आहो. दुभाष्याला अशा जागी दोन मोह होतात. थोडे गोड करून सांगावे, म्हणजे आपली मान वाचेल. किंवा थोडे तिखट करून सांगावे, म्हणजे आपले शौर्य दिसेल. ज्याला अर्थ सांगण्याचे दान आहे त्याने दोन्ही मोह टाळावयाचे असतात, कारण बोल त्याचे नसतात. ह्या भेटीची परिणती अशी झाली की, हिदेयोशीने त्यांस क्योतो शहरी राहण्याची परवानगी दिली. तेथे १५९४ साली त्यांनी देवमातेच्या नावाने मंदिर उभारले, आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे काढली.

करिंथच्या मंडळीतील भाषा प्रार्थनेच्या होत्या आणि गोन्सालोंची भाषा कष्टाने शिकलेली होती, तेव्हा ही दोन दाने एक कशी, असे कोणी पवित्र शास्त्राचा अभ्यासी मला विचारील. विचारणे योग्यच आहे; ती दोन्ही अगदी एक नव्हेत, हे मी मान्य करतो. परंतु दान ओळखण्याची पौलाची कसोटी ते कसे आले ही नसून त्याने मंडळीची उभारणी होते की नाही ही आहे. इस्पितळात वास मारणाऱ्या जखमा धूत असता रोग्याचे गाऱ्हाणे ऐकून ते स्पॅनिश पाद्र्यांस सांगणारा आणि पाद्र्यांचे सांत्वन रोग्यास सांगणारा माणूस नसता, तर ती उभारणी झाली नसती. दृढीकरणाच्या वर्गात आपली मुले पवित्र आत्म्याची सात दाने घडाघड म्हणून दाखवितात. सेवेसाठी तुझ्यापाशी काय दिले आहे, असे मी पुढे विचारतो, तेव्हा ती खाली पाहतात. त्यांचे आईबापही खालीच पाहतात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या शासनपत्रात ही दाने सर्व थरांतील भाविकांस वाटली जातात असे शिकविले. त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी एका बंधूने ते जगून दाखविले होते.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जपानातील कार्य येशूसंघाकडेच राहावे असा पोप तेरावे ग्रेगरी ह्यांचा १५८५ चा आदेश असल्यामुळे दोन्ही संघांत तेथे वाद होता. ही गोष्ट खेदाची, पण लपविण्याजोगी नाही. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याशी फुटले. त्यावरील माल हिदेयोशीने जप्त केला. पाद्री आधी जातात व मागून सैन्य येते, अशा आशयाचे काही त्या गलबताचा मार्गदर्शक बोलला असे म्हणतात. तो नेमके काय बोलला, ह्यावर अद्याप वाद आहे. त्या बोलाचा अर्थ मात्र भलताच घेतला गेला. डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील मठांवर पहारे बसले. चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांस शहरांतून फिरविण्यात आले, व भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत शेकडो मैल नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे धरले जाऊन संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकी होता. ज्या येशूसंघात गोन्सालोंस जागा मिळाली नव्हती, त्याच संघाचे पॉल मिकी व त्यांचे दोन सोबती आता त्यांच्याच रांगेत होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. जमलेल्या लोकांशी ब्रदर गोन्सालो क्रुसावरून जपानीत बोलत राहिले, असे वृत्तांतकार सांगतात. दरबारात ते दुसऱ्याच्या वतीने बोलले होते. ह्या वेळी सांगावयाचे ते त्यांचे स्वतःचे होते, आणि मध्ये दुभाषी लागला नाही. नंतर भाले चालले.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ साली ह्या रक्तसाक्षींस धन्य म्हणून घोषित केले. संतपदासाठी मात्र त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. ८ जून १८६२ रोजी रोम येथे, निरनिराळ्या देशांतून आलेल्या बिशपांच्या समक्ष, पोप नववे पायस ह्यांनी त्या सव्वीस जणांस संतमालिकेत घेतले, आणि वसईचा हा दुभाषी भारतात जन्मलेला पहिला संत झाला. तो रविवार पेंतेकॉस्तच्या सणाचा होता.