लॉरेन्सची आठवी बाइक

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा नीट बघा. बाइक कशी चकाचक! टाकीवर एक ओरखडा नाही, सीट कव्हर नवं, मागच्या मडगार्डवर ग्रुपने मिळून ठरवलेलं स्टिकर. आणि हेल्मेट? ते आरशाला लटकलेलं, नाहीतर घरी फ्रिजवर. गाडी कुठली घ्यायची यावर आपण सहा-सहा महिने कट्ट्यावर वाद घालतो. सीसी, मायलेज, टॉर्क सगळं तोंडपाठ. हेल्मेट मात्र पुढच्या चौकात पोलीस उभे आहेत असं कळल्यावर रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून मिळेल ते उचलायचं.

म्हणून आज तुम्हाला एका बाइकवेड्याची गोष्ट सांगायची आहे. त्याने गाडी निवडण्यात जेवढं डोकं लावलं, तेवढं आपल्यापैकी क्वचितच कोणी लावत असेल. त्याचं नाव टी. ई. लॉरेन्स.

नाव ओळखीचं वाटतंय? लॉरेन्स ऑफ अरेबिया हा १९६२ चा सिनेमा तुम्ही किंवा तुमच्या बाबांनी पाहिला असेल. उंट, वाळू, पांढरा अरबी पोशाख, पीटर ओटूलचे निळे डोळे हे सगळं आठवतं. पण त्याची सुरुवात आठवा. तिथे वाळवंट नाहीच. इंग्लंडमधला हिरवा रस्ता आहे, आणि एक माणूस मोटरसायकल सुरू करून निघतो. सिनेमा जिथून सुरू होतो, तिथे लॉरेन्सचं आयुष्य संपलं होतं.

आधी सायकल

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमाडॉगचा. पाच भावांमधला हा दुसरा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडिलांनी पहिलं घर सोडून नवं नाव घेऊन संसार थाटला होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही लपवून ठेवायची गोष्ट. तेव्हा आडनाव बदलून जगणं या पोराला घरातूनच माहीत होतं. पुढे त्याने तेच केलं.

कुटुंब ऑक्सफर्डला स्थायिक झालं आणि पोराला दोन नाद लागले, जुने किल्ले आणि सायकल. १९०८ च्या उन्हाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, त्याने किल्ले बघत फ्रान्समध्ये सुमारे ३,८०० किलोमीटर सायकल मारली. पुढच्या वर्षी सीरियात गेला तो चक्क पायी, हजारभर मैल. आपल्याकडे सुट्टी पडली की सॅक भरून गडावर पळणारी पोरं असतात ना, तोच हा प्रकार. या भटकंतीतून त्याने प्रबंध लिहिला आणि ऑक्सफर्डमधून पहिल्या वर्गात पास झाला.

मग उत्खननाच्या कामावर तो पुन्हा सीरियाच्या बाजूला गेला, अरबी शिकला, आणि पहिलं महायुद्ध आलं. १९१६ मध्ये अरबांनी तुर्की साम्राज्याविरुद्ध उठाव केला. त्यांच्यासोबत ब्रिटिश अधिकारी म्हणून लॉरेन्स होता. जुलै १९१७ मध्ये वाळवंटाच्या बाजूने येऊन अकाबा बंदर घेतलं, १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये दमास्कस. पण युद्ध सुरू असतानाच ब्रिटन आणि फ्रान्सने हा सगळा प्रदेश आपसात वाटून घ्यायचा गुप्त करार केला होता. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवणारा माणूस हाच, आणि ती आशा खोटी ठरणार हे पुरतं ओळखून असणाराही हाच. ही टोचणी त्याला आयुष्यभर राहिली.

नाव बदललेला शिपाई

इकडे लंडनमध्ये एका अमेरिकन पत्रकाराने पडद्यावर चित्रं दाखवून त्याच्या पराक्रमाचे शो लावले. गर्दी उसळली. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस रातोरात व्हायरल झाला. कर्नल लॉरेन्सला कुठलीही मोठी नोकरी मिळाली असती. चर्चिलच्या खात्यात त्याने थोडे दिवस काम केलंही. आणि मग १९२२ मध्ये हा जगप्रसिद्ध कर्नल खोटं नाव घेऊन हवाई दलात सगळ्यात खालच्या पायरीवर भरती झाला. बराकीत राहायचं, फरशा घासायच्या, परेड करायची.

काही महिन्यांत वर्तमानपत्रांनी त्याला शोधून काढलं. नोकरी गेली. मग शॉ हे नवं आडनाव लावून तो रणगाडा दलात शिरला, डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टन कॅम्पमध्ये. तिथून जवळच क्लाउड्स हिल नावाचं एक छोटं कॉटेज त्याने घेतलं. १९२५ मध्ये खटपट करून पुन्हा हवाई दलात गेला.

या सगळ्या लपाछपीत एकच गोष्ट कायम राहिली. बाइक.

ब्रफ

नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ब्रफ नावाचा माणूस मोटरसायकली बनवायचा. त्याच्या वडिलांचाही हाच धंदा होता. मुलाने वेगळं काढून आपल्या गाडीचं नाव ठेवलं ब्रफ सुपिरियर. म्हणजे वडिलांची कुठल्या दर्जाची ठरली ते तुम्हीच ओळखा! या गाड्यांना मोटरसायकलींमधली रोल्स रॉइस म्हणत. एसएस १०० हे त्यांचं मॉडेल ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरला जाणारच, अशी कंपनीची हमी असायची. आणि हे १९२० च्या दशकात, ज्या काळी रस्ते अरुंद आणि टायर बारीक होते.

आता निवड कशी करायची ते लॉरेन्सकडून शिका. त्याची उंची होती साधारण ५ फूट ५ इंच. दिसायला भारी पण पाय जमिनीला टेकत नाहीत अशी गाडी त्याला कामाची नव्हती. ब्रफच्या गाड्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बांधून मिळत. लॉरेन्स गाडी चालवायचा, काय आवडलं काय खटकलं ते ब्रफला कळवायचा, आणि पुढची गाडी मागवायचा. एकाच कंपनीच्या सात गाड्या त्याने घेतल्या. त्यांना बोअनर्जीझ असं बायबलमधलं नाव, अर्थ मेघगर्जनेचे पुत्र, लाडाने बोआ. शिवाय राजांना देतात तसे नंबर, पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज, असे सातव्यापर्यंत.

आणि त्या शोभेला ठेवलेल्या नव्हत्या. १९२६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने ब्रफला पत्राने कळवलं की चार वर्षांत पाच गाड्यांवर मिळून एक लाख मैल पूर्ण झाले. म्हणजे साधारण १ लाख ६० हजार किलोमीटर. पृथ्वीला चार फेऱ्या झाल्या की राव! तेही नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी.

लिंकनचा रस्ता

तुम्ही विचाराल, एवढं काय मिळत होतं त्याला? क्रॅनवेलच्या हवाई तळावर असताना संध्याकाळी ड्यूटी सुटली की तो गाडी काढायचा. निमित्त काय, तर बराकीतल्या पोरांसाठी खाऊ. लिंकनमधून बेकन, नॉटिंगहॅममधून सॉसेज आणि वाटेतल्या शेतावरून पंधरा अंडी, तीही फुटू नयेत म्हणून खोका झोळीसारखा टांगलेला. आपण नाही का, मिसळ खायची म्हणून साठ किलोमीटर जातो? मिसळ गल्लीतही मिळते. जायचं असतं ते रस्त्यासाठी.

अशाच एका संध्याकाळी वर आकाशात हवाई दलाचं ब्रिस्टल विमान दिसलं आणि त्याने चक्क विमानाशी शर्यत लावली. रस्ता सरळ, खाली बोआ, वर विमान. लॉरेन्स पुढे निघाला. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय, द मिंट या पुस्तकात. ते त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये छापलं गेलं.

बाइक चालवणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. गाडीवर असताना डोक्यात फक्त पुढचं वळण असतं. परीक्षा, घरातले वाद, न आलेला रिप्लाय सगळं मागे राहतं. लॉरेन्सच्या मागे तर अख्खं युद्ध होतं आणि स्वतःचं नाव. गाडीवर तो कर्नल नव्हता, शॉ नव्हता, कुणीच नव्हता.

मध्ये दोन वर्षं ब्रफ सुटली, कारण त्याला हिंदुस्थानात पाठवलं. १९२७-२८ मध्ये तो आधी कराचीला इंजिन दुरुस्ती विभागात कारकुनी करत होता, मग वझिरिस्तानात मिरानशाहच्या ठाण्यावर. तो अफगाणिस्तानात हेरगिरी करतोय अशी आवई उठली आणि १९२९ च्या सुरुवातीला त्याला घाईघाईने परत नेलं. बोट सुटली ती आपल्या मुंबईहून.

परत गेल्यावर प्लिमथला समुद्रात कोसळणारं एक लष्करी विमान त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १९३१ ची गोष्ट. मदतीला जाणाऱ्या बोटी फार हळू चालतात हे त्याच्या मनाने घेतलं. पुढची काही वर्षं तो वेगवान बचाव बोटींच्या कामात बुडून गेला, त्यांच्या चाचण्या घेणं, इंजिनं खोलणं, माहितीपुस्तिका लिहिणं. रस्त्यावर ज्या वेगाचा त्याला कैफ होता, तोच वेग समुद्रात माणसं वाचवायला हवा म्हणून त्याने आटापिटा केला. हे मुद्दाम सांगतेय. तो बेफिकीर माणूस नव्हता. दुसऱ्याच्या जिवाची त्याला पक्की काळजी होती.

१३ मे १९३५

फेब्रुवारी १९३५ मध्ये हवाई दलातली मुदत संपली. लॉरेन्स ४६ वर्षांचा होता. क्लाउड्स हिलला राहायला आला. आठव्या ब्रफची ऑर्डर देऊन झाली होती.

१३ मे रोजी सकाळी तो सातव्या जॉर्जवर बोव्हिंग्टनच्या पोस्टात गेला. एका लेखक मित्राला जेवायला ये अशी तार करायची होती. तार केली, परत निघाला. रस्ता रोजचा, घर अगदी जवळ. रस्त्यात एक खोलगट उतार होता. त्या खळग्यात सायकलवरून जाणारी दोन मुलं वरून दिसत नव्हती. दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मुलांना वाचवायला त्याने गाडी बाजूला घेतली, एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. लॉरेन्सचं डोकं रस्त्यावर आपटलं. डोक्यावर काही नव्हतं. त्या काळी रस्त्यावर कुणी हेल्मेट घालतच नसे.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी गेला. अंत्ययात्रेत चर्चिल होते. गाडीचं फार काही बिघडलं नाही, ती दुरुस्त झाली आणि आजही आहे. आठवी मात्र त्याच्या हातात कधीच आली नाही.

डॉक्टर केर्न्स

गोष्ट इथे संपत नाही. लॉरेन्सच्या उशाशी जे तज्ज्ञ बोलावले होते, त्यात ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूचे सर्जन होते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांना काहीच करता आलं नाही. पण तो प्रसंग त्यांच्या मनातून गेला नाही, असं त्यांच्यावर लिहिणारे डॉक्टर सांगतात.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. निरोप पोचवणारे सैनिक मोटरसायकलवर असत आणि ते धडाधड मरत होते, शत्रूच्या गोळीने नाही तर अपघाताने. केर्न्स यांनी आकडे गोळा केले. १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले होते. त्यांनी तपासलेल्या रुग्णांत डोक्याचा मार सगळ्यात जास्त. अपघातावेळी हेल्मेट घातलेले फक्त सात जण त्यांना सापडले, आणि ते सातही जण वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. केर्न्स १९५२ मध्ये गेले. सामान्य ब्रिटिश नागरिकांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडलं.

आता आपलं

आपल्याकडे कायदा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९. चालवणाऱ्यालाही लागू, मागे बसणाऱ्यालाही. तरी हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चे निघाले, हे तुम्हाला माहीतच आहे. केस खराब होतात, मान दुखते, इथे कोपऱ्यावर तर जायचंय. शेवटचं कारण देताना एकदा लॉरेन्स आठवा. तो १६० च्या स्पीडला, विमानाशी शर्यत लावताना गेला नाही. पोस्टातून घरी येताना गेला.

मी काही तुम्हाला बाइक घेऊ नका असं सांगत नाहीये. उलट छान निवडून घ्या. शोरूममध्ये रंग बघण्याआधी सीटवर बसा, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का पाहा. बंद गाडी स्वतःला ढकलता, स्टँडवर लावता येते का बघा. रोज गर्दीत चालवायची की लांब जायचंय, हे आधी ठरवा. टेस्ट राइड घ्या. मित्राला शोभते म्हणून तुम्हाला जमेलच असं नाही.

फक्त त्याच दिवशी, त्याच उत्साहाने, अर्धा तास हेल्मेटला द्या. आयएसआयची खूण बघा. गालाला घट्ट बसलं पाहिजे. पट्टा लावून डोकं हलवलं तर ते आतल्या आत फिरता कामा नये. आत थर्माकोलसारखा थर असतो, तो स्वतः दबतो आणि डोक्याचा धक्का कमी करतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदला. हनुवटीचा पट्टा लावला नाही, तर ते डोक्याआधी उडून जातं. आणि एकच घेऊ नका, दोन घ्या. मागे बसणारीलाही डोकं आहे.

क्लाउड्स हिलचं ते कॉटेज आता लोकांना पाहता येतं. कधी इंग्लंडला गेलात तर जरूर जा, जमल्यास बाइकवरून. आणि उद्या सकाळी कॉलेजला निघताना फ्रिजवरून हेल्मेट खाली काढा.