फ्रेड आर्चर : वजनाशी हरलेला अजिंक्य घोडेस्वार

ब्रिटिश अश्वशर्यतींच्या इतिहासात फ्रेड आर्चर यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. 8 नोव्हेंबर 1886 रोजी न्यूमार्केट येथील राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते केवळ 29 वर्षांचे होते. तोवर 8 हजारांहून अधिक शर्यतींत भाग घेऊन त्यांनी 2 हजार 748 विजय मिळवले होते. म्हणजे जवळपास दर तिसऱ्या शर्यतीत विजय.

आर्चर यांचा जन्म 11 जानेवारी 1857 रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. घरात घोडे होतेच. त्यांचे वडील विल्यम आर्चर यांनी 1858 साली ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची प्रतिष्ठेची शर्यत जिंकली होती. शालेय शिक्षण मात्र जेमतेमच झाले. वयाच्या अकराव्या वर्षी फ्रेड यांना न्यूमार्केटचे नामांकित प्रशिक्षक मॅथ्यू डॉसन यांच्या तबेल्यात उमेदवारीसाठी धाडण्यात आले. 1874 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, वर्षभरात सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या जॉकीचा बहुमान त्यांना प्रथम मिळाला आणि तो सलग तेरा वर्षे, अखेरच्या हंगामापर्यंत, त्यांच्याकडेच राहिला.

एप्समची डर्बी शर्यत त्यांनी पाच वेळा जिंकली. यातील 1880 चा विजय विशेष उल्लेखनीय आहे. शर्यतीच्या काही आठवडे आधी म्युली एड्रिस नावाच्या घोड्याने त्यांच्या दंडाचा कडकडून चावा घेतला होता. जखम पुरती भरली नव्हती, तरीही एका हाताच्या बळावर त्यांनी बेंड ऑरला शेवटच्या टप्प्यात पुढे काढले आणि रॉबर्ट द डेव्हिलला अवघ्या डोक्याच्या अंतराने मागे टाकले. पुढच्याच वर्षी त्यांनी जिंकून दिलेला आयरोक्वॉय हा डर्बी जिंकणारा पहिला अमेरिकी घोडा ठरला.

आर्चर यांचा खरा प्रतिस्पर्धी मैदानावर नव्हताच. त्यांची उंची सुमारे 5 फूट 10 इंच होती आणि जॉकीसाठी ती शापच म्हणावी लागेल. घोड्याने किती वजन वाहायचे हे शर्यतीपूर्वी ठरलेले असते. हिवाळ्यात शर्यती बंद असताना आर्चर यांचे वजन 70 किलोच्या आसपास जाई आणि हंगाम सुरू होताच ते 55 किलोपर्यंत उतरवावे लागे. अर्धपोटी राहणे, बाष्पस्नान आणि त्यांच्यासाठी खास तयार केलेले तीव्र रेचक, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पैशाविषयी ते फार चिकट असल्याची टीका होत असे. प्रत्येक विजयासाठी त्यांनी शरीराची जी किंमत मोजली, ती पाहता ही टीका काहीशी कठोर वाटते.

1883 साली डॉसन यांची पुतणी हेलन रोझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिला मुलगा जन्मानंतर लगेचच दगावला. नोव्हेंबर 1884 मध्ये मुलीला जन्म दिल्यानंतर हेलनचेही निधन झाले. शोकाकुल आर्चर काही काळ अमेरिकेत जाऊन राहिले. परतल्यावर, 1885 च्या हंगामात, त्यांनी 246 शर्यती जिंकून सर्वांना चकित केले. 1886 मध्ये ऑर्मंड या असामान्य घोड्यावर त्यांनी पाचवी डर्बी पटकावली.

केंब्रिजशायर ही महत्त्वाची शर्यत मात्र त्यांना एकदाही जिंकता आली नव्हती. ऑक्टोबर 1886 मध्ये सेंट मिरिन या घोड्यासाठी त्यांनी जवळजवळ उपाशी राहून वजन 54 किलोवर आणले. तरीही ते ठरलेल्या वजनापेक्षा सुमारे अर्धा किलो अधिकच भरले. सेंट मिरिन हरला, तोही केवळ डोक्याच्या अंतराने. तो अर्धा किलो नसता तर काय झाले असते, हा प्रश्न शर्यतप्रेमींना तेव्हापासून छळत आला आहे.

खंगलेल्या शरीराला पुढील काही दिवसांतच तापाने ग्रासले. विषमज्वराचे निदान झाले. आजारपणात, पत्नीच्या मृत्यूला दोन वर्षे होत असतानाच, त्यांनी पिस्तुलाची गोळी झाडून जीवन संपवले. त्या वेळी त्यांची बहीण त्याच खोलीत होती. तिने त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला, पण तो व्यर्थ ठरला. तात्पुरत्या बुद्धिभ्रंशाच्या अवस्थेत हे कृत्य घडल्याचा निष्कर्ष चौकशीअंती काढण्यात आला. न्यूमार्केटच्या दफनभूमीत पत्नी आणि मुलाशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

एका हंगामातील 246 विजयांचा त्यांचा विक्रम 48 वर्षे अबाधित राहिला. 1933 मध्ये गॉर्डन रिचर्ड्स यांनी 259 विजयांसह तो मोडला.