शरणपूरचा याकोब वेनराइट

नाशिक येथील शरणपूर हे नाव आपल्या दिंडोरीकडील मंडळींस परिचित आहे. बाजार, दवाखाना किंवा कचेरी यांच्या कामानिमित्त नाशकास जाणारा मनुष्य शरणपूर रस्त्याने केव्हा ना केव्हा गेलेला असतोच. परंतु सुमारे दीडशे वर्षांपूर्वी गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे लहानाची मोठी झाली, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांपैकी एकाचे नाव पुढे सर्व जगास कळले. त्या याकोब वेनराइटचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

याकोब हा पूर्व आफ्रिकेतील याओ जातीचा. हे लोक न्यासा, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या आसपास राहत. त्या काळी त्या प्रदेशातून माणसांचे तांडेच्या तांडे जोखडात अडकवून समुद्रकिनाऱ्याकडे नेले जात. कोणी लढाईत धरलेला असे, कोणी गोड बोलून फसवून आणलेला असे, तर कोणी दुष्काळात मूठभर धान्यासाठी दिलेला असे. झांझिबारच्या बाजारात त्यांची विक्री होई. तेथून काहींस लवंगांच्या मळ्यांत नेत, तर काहींस गलबतांत भरून अरबस्तान व इराणकडे पाठवीत. याकोबही बालपणीच अरब व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. पुढे इंग्रजी आरमाराने त्यास सोडविले.

येथे एक मोठा प्रश्न उभा राही. गलबत पकडले, बेड्या तुटल्या, परंतु मुलांस न्यावे कोठे? ज्या किनाऱ्यावरून ती नेली, तेथेच परत सोडली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा व्यापाऱ्याच्या हाती जाणार. गाव दूर, वाट ठाऊक नाही, आणि पुष्कळांचे गाव तर जळून गेलेले. यास्तव सरकार त्यांस एडन, मुंबई, मॉरिशस, सेशेल्स अशा ठिकाणी उतरवी. त्यांस कोठे जावयाचे आहे, हे सहसा कोणी विचारीत नसे. मुंबईस उतरविलेल्यांपैकी काही मुले मिशनांच्या हवाली केली जात, आणि चर्च मिशनरी सोसायटीकडे आलेली पुष्कळ मुले १८६० नंतर नाशकास पाठविण्यात आली.

शरणपूर हे ख्रिस्ती गाव विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास वसविले होते. तेथील आफ्रिकी आश्रमात मुलांस अन्नवस्त्राबरोबर विद्याही मिळे. लिहिणे, वाचणे व हिशेब यांबरोबर लोहारकाम, सुतारकाम असे हातचे उद्योगही शिकवीत. याकोबचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्यास व्यापारी केवळ मोल लावून ओळखीत होते, त्यास नाव मिळाले. तो इंग्रजी उत्तम लिहू लागला. त्या लेखणीचा उपयोग किती मोठ्या प्रसंगी होणार आहे, हे त्याच्या गुरुजनांस तेव्हा कळणे शक्य नव्हते.

डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साऱ्या जगाचे मन जागे करणारे मिशनरी व प्रवासी. १८७२ साली ते मध्य आफ्रिकेत, आजच्या टांझानियातील ताबोराजवळ, एकाकी होते. त्यांच्या मदतीकरिता झांझिबारहून माणसांची एक तुकडी निघाली, आणि तिच्यात नाशिकची काही मुले होती. याकोब त्यांतलाच एक. ज्या भूमीतून त्यास बांधून नेले होते, तेथे तो मोकळ्या पायांनी परत गेला. ऑगस्ट १८७२ मध्ये ही मंडळी डॉक्टरांस मिळाली. पुढे आठ महिने पाऊस, चिखल व ताप सोशीत सर्व जण बांगवेउलु सरोवराच्या दलदलीतून चालले. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो नामक मुखियाच्या गावी, डॉक्टर आपल्या बिछान्याजवळ गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेले आढळले.

आता पुढे काय, हा विचार करण्यास तेथे एकही गोरा मनुष्य नव्हता. सुसी व चुमा हे डॉक्टरांचे जुने सोबती पुढारी झाले. सर्वांनी मिळून ठरविले की देह मायदेशी पोहोचवावा. डॉक्टरांच्या सामानाची यादी करावयाची होती, ती याकोबने लिहिली. ज्याची गणती एकदा व्यापाऱ्याच्या मालात झाली होती, तोच आता आपल्या मृत धन्याची एकेक वस्तू, काही हरवू नये म्हणून, प्रामाणिकपणे लिहून ठेवीत होता. डॉक्टरांचे हृदय एका मोठ्या वृक्षाखाली पुरण्यात आले, तेव्हा याकोबनेच प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला आणि त्या झाडाच्या खोडावर डॉक्टरांचे नाव व मृत्यूची तारीख कोरली.

नंतर देह मीठ लावून उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि प्रवास सुरू झाला. अंतर दीड हजार कोसमैल नव्हे, तर सुमारे १६०० किलोमीटर आणि तेही पायी. वाटेत आजार आले, तंटे झाले, काही सोबती मरण पावले. ताबोराजवळ लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. त्याने देह तेथेच पुरावा असे सुचविले, परंतु त्यांनी मानले नाही. पुढील प्रदेशातील लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी, ते बागामोयो बंदरास पोहोचले. डॉक्टरांची कागदपत्रेही सुखरूप आली, आणि याकोबने प्रवासाची स्वतःची रोजनिशीही लिहिली होती.

चर्च मिशनरी सोसायटीने भाडे दिल्यामुळे याकोब आगबोटीने देहाबरोबर विलायतेस गेला. सिंहाने चावून मोडलेल्या हाताच्या हाडावरून देहाची ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला. शवपेटीसोबत चालण्याचा मान आठ जणांस होता. त्यांत स्टॅन्ली व डॉ. कर्क यांच्याबरोबर शरणपूरचा याकोब होता. सुसी व चुमा मात्र तोपर्यंत विलायतेस पोहोचू शकले नव्हते. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने देह आणणाऱ्यांकरिता साठ पदके पाडविली, परंतु पदके तयार होईपर्यंत ती माणसे चहूकडे पांगली होती.

जगाचे कौतुक फार दिवस टिकत नाही. याकोब आफ्रिकेस परतला, मिशनच्या कामात राहिला, आणि १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे मरण पावला. त्याच्या मृत्यूचा गाजावाजा झाला नाही.

त्याच्या सोबत्यांचीही कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. जून १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार कराराने बंद झाला. तो करार घडविण्यात मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचा मोठा वाटा होता. पुढे शरणपूरचे संस्थापक प्राइस हेच आफ्रिकेस गेले, आणि १८७५ साली मोंबासाजवळ सोडविलेल्या गुलामांकरिता फ्रियरटाउन हे गाव वसले. नाशकास वाढलेले पुष्कळ जण तेथे शिक्षक, कारागीर व उपदेशक झाले. विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर हे तर पुढे दीक्षित पाळक झाले. काल ज्यांस इतरांनी सोडविले, ते आज इतरांस आसरा देऊ लागले.

वाचकहो, या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. बेडी तोडणे हे अर्धेच काम होय. आरमाराने याकोबची बेडी तोडली, परंतु आसरा, अक्षर व हातचा उद्योग मिळाला नसता, तर तो फिरून कोणाच्या तरी दाव्याला बांधला गेला असता.

हा विचार केवळ जुन्या काळाचा नव्हे. पेठ व सुरगाण्याकडील कुटुंबे दरवर्षी आपल्या दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांत कामास येतात, तर कित्येक उचल घेऊन ऊसतोडीस जातात. कष्टाकरिता परगावी जाण्यात लाज नाही. परंतु उचल फिटता फिटत नाही, मजूर निघू म्हणाला तर त्यास निघू देत नाहीत, किंवा त्याचे मूल ठेवून घेतात, तेव्हा ते काम राहत नाही, ते बंधन होते. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात, गरीब कातकऱ्यांची लहान मुले अल्प मोबदल्यावर मेंढरे वळण्यास दिली गेल्याचे उघडकीस आले. झांझिबार आपणांपासून फार दूर नाही.

कायदा आज दुर्बलाच्या बाजूस आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने असे कर्जच रद्द ठरते, आणि सुटलेल्या मजुरास मुक्तीचा दाखला व पुनर्वसनाचे साहाय्य मागता येते. माणसांचा व्यापार हा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. मूल संकटात असल्यास १०९८ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करता येतो.

तथापि कायदा आपण होऊन गावात चालत येत नाही. म्हणून उपदेशकांनी व मंडळीच्या पंचांनी एक वही ठेवावी. गावातून कोण कामास गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोठे, किती उचल घेऊन, आणि परतणार केव्हा, हे तीत लिहावे. ठरल्या दिवशी कोणी परतले नाही, तर चौकशी करावी, आणि भागले नाही तर तहसील कचेरी गाठावी. जो सुटून येईल, त्यास भाकरी द्यावीच, पण त्याच्या मुलास शाळेतही बसवावे. याकोबने यादी लिहिली, ती मृताची एकही वस्तू हरवू नये म्हणून. आपणही यादी लिहू या, म्हणजे जिवंतांपैकी कोणी हरवणार नाही.