घशात डोकावणारा आरसा

मॅन्युएल गार्सिया यांचा जन्म १७ मार्च १८०५ रोजी एका स्पॅनिश गायक घराण्यात झाला. वडील नामवंत गायक, तर मारिया आणि पोलीन या बहिणींनी पुढे युरोप गाजवला. १८२५ साली वडिलांच्या संगीत नाटक मंडळीबरोबर ते न्यूयॉर्कला गेले. विशीतल्या गळ्याला तिथला ताण सोसला नाही. आवाज बिघडला आणि काही वर्षांत त्यांनी रंगभूमी सोडली.

१८३० मध्ये ते फ्रेंच सैन्याच्या अल्जेरिया मोहिमेवर गेले. परतल्यावर लष्करी रुग्णालयांत काम करताना त्यांनी स्वरयंत्राचा अभ्यास केला आणि पुढे गायनाचे शिक्षक म्हणून नाव कमावले. १८४१ मध्ये स्वीडनची गायिका जेनी लिंड थकलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांनी आधी तिला गळ्याला पूर्ण विश्रांती द्यायला लावली, मगच शिकवले.

पण आवाज निघताना घशात काय घडते, हे जिवंत माणसात दिसणार कसे? १८५४ मध्ये पॅरिसला त्यांना युक्ती सुचली. त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवला आणि पडजिभेशी टेकवला. हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला. स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप त्यांना डोळ्यांनी दिसली! १८५५ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले.

त्यापूर्वी स्वरयंत्रातली गाठ बहुधा रुग्णाच्या मृत्यूनंतरच कळे. टुर्क आणि चेरमाक या डॉक्टरांनी आरसा रुग्णांसाठी वापरात आणला. जर्मनीतील शल्यचिकित्सक ब्रुन्स यांनी तर आरशात पाहत आपल्या सख्ख्या भावाच्या स्वरयंत्रातली गाठ तोंडावाटे काढली, तीही भूल न देता.

स्वरयंत्रातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. काही साध्या असतात. त्यांतही कूर्चेची, चरबीची किंवा नसेच्या वेष्टणाची गाठ फार दुर्मीळ. मात्र ती साधीच आहे, हे तुकडा तपासल्यावरच ठरते. आज भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक हत्यारांनी किंवा लेझरने अशी गाठ काढतात. ती मोठी किंवा खोल असेल तर मानेवर छेद घ्यावा लागतो. श्वासाची वाट मोकळी राहावी आणि आवाजही वाचावा, अशी दुहेरी कसरत डॉक्टर करतात.

गार्सियांच्या शंभराव्या वाढदिवशी, १९०५ मध्ये, लंडनला डॉक्टरांनी या गायकाचा मोठा सत्कार केला. १ जुलै १९०६ रोजी, १०१ व्या वर्षी ते वारले.

मित्रांनो, भिलाईच्या उन्हात परेडची आज्ञा देताना आपलाही घसा बसतो. दोन दिवसांत सुटला तर ठीक. पण आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, तर गोळ्या चघळत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नका. घशात पाहण्याची सोय गार्सियांनी केव्हाच करून ठेवली आहे.